सीएनसीची मोटर अडकते? करंट वाढवायच्या आधी हे बघा
३०१८ सारख्या छोट्या सीएनसीवर काम चालू असताना मोटर अचानक कुंईऽ आवाज करत जागेवरच थरथरते. याला मोटर स्टॉल होणं म्हणतात. स्क्रीनवर आकडे मात्र पुढे सरकतच राहतात, कारण स्टेपर मोटर खरंच फिरली का, हे कंट्रोलरला कळतच नाही. मग पुढचं सगळं कटिंग चुकीच्या जागी होतं आणि माल वाया जातो.

बरेच जण लगेच ड्रायव्हरवरचा छोटा स्क्रू फिरवून करंट वाढवतात. थांबा. आधी पॉवर बंद करून लीडस्क्रू हाताने फिरवा. मध्येच जड जातोय? मग भुसा साफ करा, नट आणि रॉड सरळ आहेत का बघा.

हलका फिरत असेल तर टूल न टेकवता हवेत चालवा. तरीही अडकली, तर जीआरबीएलमध्ये त्या अक्षाचा कमाल वेग आणि अ‍ॅक्सिलरेशन निम्मं करा. एक्ससाठी $११० आणि $१२०. वेग वाढला की स्टेपरची ताकद घटते. फक्त कापतानाच अडकत असेल तर कटची खोली किंवा फीड कमी करा.

करंट शेवटी. ए४९८८ ड्रायव्हरवर ०.१ ओहमचे सेन्स रेझिस्टर असतील तर १ अँपिअरसाठी व्हीरेफ ०.८ व्होल्ट ठेवायचा. जास्त केला तर ड्रायव्हर तापून मध्येच बंद पडतो, म्हणजे परत तेच दुखणं! आणि पॉवर चालू असताना मोटरची वायर अजिबात काढू नका, ड्रायव्हर उडतो.