प्रवाळ मत्स्यालयातील प्रकाशयोजना

प्रवाळ मत्स्यालयातील प्रकाशयोजना म्हणजे खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयातील प्रवाळांना जगण्यासाठी व वाढीसाठी लागणारा प्रकाश कृत्रिम दिव्यांनी पुरवण्याची व्यवस्था होय. साध्या मत्स्यालयात दिवा मुख्यतः मासे नीट दिसावेत म्हणून लावतात. प्रवाळांच्या बाबतीत मात्र प्रकाश हा अन्नाचा स्रोत असतो. त्यामुळे दिव्याची निवड केवळ वॅटवरून न करता प्रवाळाचा प्रकार, टाकीची खोली आणि प्रवाळापर्यंत प्रत्यक्ष पोहोचणारा प्रकाश यांवरून केली जाते. भारतात कोणते प्रवाळ बाळगता येतात हे कायद्याने मर्यादित असल्याने त्याचाही या निवडीवर परिणाम होतो.

जैविक आधार

प्रवाळ हे वनस्पती नसून प्राणी आहेत. उथळ उष्ण समुद्रातील बहुतेक प्रवाळांच्या ऊतींमध्ये झूझॅन्थेली हे एकपेशीय सहजीवी शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषणातून तयार केलेल्या अन्नाचा मोठा भाग प्रवाळाला पुरवते. प्रकाश अपुरा पडल्यास प्रवाळ तपकिरी पडतो आणि हळूहळू क्षीण होतो. प्रकाश अतिरिक्त झाल्यास, विशेषतः पाणी तापलेले असताना, शैवालाच्या पेशींत घातक ऑक्सिजन संयुगे साठतात व प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो. यालाच विरंजन म्हणतात. ट्यूबॅस्ट्रियासारख्या काही प्रवाळांत सहजीवी शैवाल नसते. ते प्रकाशावर नव्हे, तर पकडलेल्या भक्ष्यावर जगतात.

प्रकाशाचे मापन व वर्ण

प्रकाशसंश्लेषणास उपयोगी प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात असतो. तो ‘पार’ या संक्षेपाने ओळखला जातो आणि सूक्ष्ममोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद या एककात मोजतात. भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हे मूल्य सुमारे २,००० असते. मत्स्यालयात मृदू प्रवाळांना साधारणतः ५० ते १५०, तर ॲक्रोपोरासारख्या शाखायुक्त कठीण प्रवाळांना २०० ते ३५० इतका पार पुरेसा मानतात. लक्समापी मानवी डोळ्याच्या संवेदनशीलतेवर बेतलेला असल्याने निळ्या दिव्यांचे मूल्य तो कमी दाखवतो.

स्वच्छ पाणी लाल प्रकाश प्रथम शोषून घेते आणि निळा प्रकाश सर्वांत खोल पोहोचतो. सहजीवी शैवालाची रंगद्रव्येही निळा प्रकाश चांगला शोषतात. म्हणून प्रवाळांसाठीच्या दिव्यांत निळ्या प्रकाशाचे प्रमाण अधिक असते. महाराष्ट्राच्या सागरी क्षेत्रात याची दोन टोके आढळतात. विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटर अंतरावरील आंग्रे बँक या बुडालेल्या प्रवाळक्षेत्रात पाणी स्वच्छ असून सुमारे २० मीटर व त्याहून अधिक खोलीवर प्रवाळ वाढतात. याउलट मुंबईच्या किनाऱ्यावरील प्रवाळ गढूळ पाण्यात, कमी प्रकाशात तग धरतात. २०२० मध्ये सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी वरळी व हाजीअली येथील प्रवाळ स्थलांतरित करण्यात आले होते. यावरून सर्व प्रवाळांना सारखाच प्रखर प्रकाश लागतो हा समज चुकीचा ठरतो.

दिव्यांचे प्रकार

मेटल हॅलाइड दिवे प्रखर असतात व पाण्यात सूर्यप्रकाशासारखी लहरती चमक निर्माण करतात. परंतु ते अतिशय तापतात. टी-५ नलिकादिवे टाकीभर सारखा प्रकाश देतात, मात्र त्यांची तीव्रता घटत असल्याने ते साधारण वर्षभरात बदलावे लागतात. एलईडी दिव्यांची तीव्रता व वर्ण स्वतंत्रपणे नियंत्रित करता येतात आणि वीज कमी लागते. मात्र प्रकाश एका बिंदूतून येत असल्याने प्रवाळाच्या खालच्या भागावर गडद सावली पडू शकते.

कोकण किनारपट्टीवरील परिस्थिती

मीरा-भाईंदरमधील गोडदेवसारख्या किनारी वस्तीतील सदनिकेत उन्हाळ्यात खोलीचे तापमान अनेकदा ३० अंश सेल्सिअसच्या वर जाते. प्रवाळांसाठी पाणी २४ ते २७ अंशांदरम्यान ठेवावे लागत असल्याने दिव्याची प्रत्येक वॅट उष्णता शीतयंत्राचे काम वाढवते. २५० वॅटचे दोन मेटल हॅलाइड दिवे रोज १० तास चालवल्यास महिन्याला १५० युनिट वीज लागते, तर १०० वॅटच्या एलईडी दिव्याला ३० युनिट. शीतयंत्राची वीज यात धरलेली नाही. पावसाळ्यातील दमट हवा व खारे तुषार यांमुळे जोडण्या गंजतात. म्हणून दिव्यावर झाकण, वायरीला प्लगच्या खाली येणारा झोल आणि परिपथात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी असणे सुरक्षित मानतात.

वापर

नवा दिवा प्रारंभी निम्म्याहून कमी तीव्रतेवर लावून सुमारे चार आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवतात. नवीन आणलेला प्रवाळ आधी टाकीच्या तळाशी ठेवतात. प्रकाशाचा कालावधी दिवसाला ८ ते १० तास असतो आणि तो टायमरने नियमित ठेवतात. पाणी पिवळसर झाल्यास निळा प्रकाश शोषला जातो. त्यासाठी सक्रिय कार्बन वापरतात. मात्र पाणी अचानक नितळ झाल्यास प्रवाळावर प्रखर प्रकाशाचा आघात होऊ शकतो, म्हणून तेव्हा तीव्रता तात्पुरती कमी करतात.

कायदेशीर बाजू

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश करण्यात आला. ते समुद्रातून काढणे, विकणे वा परवानगीविना बाळगणे हा गुन्हा आहे. परदेशी पुस्तकांत शिफारस केलेले अतिप्रखर दिवे प्रामुख्याने याच कठीण प्रवाळांसाठी असतात. या यादीत नसलेल्या मृदू प्रवाळांना मध्यम क्षमतेचा एलईडी दिवा सहसा पुरतो. त्यामुळे दिवा घेण्यापूर्वी प्रवाळाची जात आणि त्याच्या उगमाची कागदपत्रे तपासणे हीच प्रकाशयोजनेची पहिली पायरी ठरते.