अनिवासी भारतीयांची बँक खाती

अनिवासी भारतीयांची बँक खाती म्हणजे परदेशात वास्तव्य करणारे भारतीय नागरिक आणि भारतीय वंशाच्या व्यक्ती यांना भारतातील बँकांमध्ये ठेवता येणारी खाती होत. ही खाती परकीय चलन व्यवस्थापन कायदा (फेमा), १९९९ आणि भारतीय रिझर्व्ह बँकेचे नियम यांनुसार चालतात. परदेशी स्थायिक होताना निवासी म्हणून उघडलेले बचत खाते पूर्वीप्रमाणे वापरता येत नाही. बँकेला कळवून ते अनिवासी सामान्य खात्यात रूपांतरित करावे लागते.

अनिवासी दर्जा

नोकरी, व्यवसाय किंवा अनिश्चित काळाच्या वास्तव्यासाठी देश सोडणारी व्यक्ती फेमानुसार देश सोडल्यापासून अनिवासी ठरते. शिक्षणासाठी गेलेल्या विद्यार्थ्यांनाही रिझर्व्ह बँकेने २००३ पासून अनिवासी मानले आहे. आयकर कायदा मात्र वर्षभरात भारतात राहिलेले दिवस (सर्वसाधारणपणे १८२) मोजतो. त्यामुळे एखादी व्यक्ती त्याच वर्षी बँकेसाठी अनिवासी आणि आयकरासाठी निवासी असू शकते.

खात्यांचे प्रकार

• अनिवासी सामान्य खाते (एनआरओ): घरभाडे, निवृत्तिवेतन, लाभांश असे भारतातील उत्पन्न यात जमा होते. व्याजावर ३० टक्के दराने, अधिभार व उपकरासह, कर उगमस्थानी कापला जातो. दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार असलेल्या देशांतील रहिवाशांना कमी दराची सवलत मिळू शकते. चालू उत्पन्न कर भरून परदेशी नेता येते. इतर शिलकीतून एका आर्थिक वर्षात १० लाख अमेरिकन डॉलरपर्यंत रक्कम नेता येते.

• अनिवासी बाह्य खाते (एनआरई): परदेशातील कमाई रुपयांत ठेवण्यासाठी हे खाते असते. मुद्दल व व्याज मुक्तपणे परत नेता येतात आणि व्याजावर भारतात आयकर लागत नाही. रुपयाची घसरण झाल्यास तोटा मात्र खातेदाराचा असतो.

• परकीय चलन अनिवासी (बँक) खाते (एफसीएनआर-बी): १९९३ मध्ये सुरू झालेली ही १ ते ५ वर्षांची मुदत ठेव असून ती परकीय चलनातच राहते. त्यामुळे विनिमय दरातील चढउताराचा धोका खातेदारावर येत नाही.

शेतीचे उत्पन्न

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पुणतांबा या गोदाकाठच्या गावासारख्या शेतीप्रधान भागातून परदेशी गेलेल्यांच्या बाबतीत जमिनीचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, मात्र वारसाहक्काने आलेली जमीन ठेवता येते. ती विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या व्यक्तीलाच विकावी लागते. पिकाचे किंवा खंडाचे पैसे एनआरओ खात्यात जमा करता येतात. शेती उत्पन्न आयकरमुक्त असले, तरी ती रक्कम खात्यात राहून मिळणारे व्याज करपात्र असते. अशी खाती रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या बँकांतच ठेवता येतात. ग्रामीण भागात प्रचलित असलेल्या पतसंस्था या बँका नसल्याने त्यांतील ठेवींना ठेव विम्याचे संरक्षण नसते. बँकांतील ठेवींना ते प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत आहे.

दैनंदिन व्यवहार

गावी राहणाऱ्या आईवडिलांना किंवा अन्य निवासी नातेवाइकाला एनआरई खात्यात सहखातेदार करता येते, मात्र मूळ खातेदार हयात असेपर्यंत नातेवाईक केवळ मुखत्यार म्हणूनच ते चालवू शकतो. मुखत्यारपत्राद्वारे स्थानिक देणी भागवता येतात, पण खातेदाराच्या वतीने भेट देता येत नाही.

भारतीय मोबाइल क्रमांक बंद पडल्यास बँकेचे सांकेतिक संदेश येणे थांबते. म्हणून निघण्यापूर्वी परदेशी क्रमांक नोंदवणे सोयीचे ठरते. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती आदी १० देशांतील मोबाइल क्रमांकांवरून एनआरई व एनआरओ खात्यांसाठी यूपीआय वापरण्यास मुभा दिली.

परदेशातून पाठवलेले पैसे

रिझर्व्ह बँकेच्या २०२३–२४ च्या सर्वेक्षणानुसार परदेशातून भारतात आलेल्या रकमांपैकी २०.५ टक्के महाराष्ट्रात आल्या. राज्यांमध्ये हा वाटा सर्वाधिक होता. रक्कम पाठवताना जाहीर शुल्काखेरीज विनिमय दरातील फरक हाही खर्चाचा भाग असतो. हवालामार्गे पैसे पाठवणे बेकायदेशीर आहे.

परतल्यानंतर

कायमचे परतल्यावर एनआरओ व एनआरई खाती निवासी खात्यांत रूपांतरित करावी लागतात. एफसीएनआर ठेव मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते. परकीय चलन तसेच ठेवायचे असल्यास निवासी परकीय चलन खाते (आरएफसी) उघडता येते.