सशाचे झटके आणि साखरेचा खडा

मधुमेहाची ओळख आपल्याकडे जुनी. लघवीच्या गोडव्याची नोंद आयुर्वेदाच्या संहितांत आहे. रक्तातली साखर घसरण्याचे दुखणे मात्र वैद्यकाला नीट उमगले ते शंभर वर्षांपूर्वी, आणि तेही औषधाच्या पावलावर पाऊल ठेवून.

१९२१-२२च्या हिवाळ्यात टोरोंटो विद्यापीठात बँटिंग, बेस्ट, मॅक्लाउड आणि कॉलिप इन्सुलिनवर काम करत होते. अर्क टोचलेले ससे झटके येऊन आडवे पडत आणि ग्लुकोज देताच सावरत, असे कॉलिपला दिसले. हे झटके म्हणजेच अर्कात दम असल्याचा पुरावा होता. पुढे काही काळ इन्सुलिनचे मापही सशांवरच ठरले. १९२२मध्येच टोरोंटोच्या फ्लेचर आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी माणसांतली लक्षणे मांडली: एकाएकी भूक, अस्वस्थता, दरदरून घाम, कापरे, साखर आणखी उतरली की गोंधळ आणि बेशुद्धी.

१९२४मध्ये अमेरिकेतल्या सील हॅरिसने दाखवले, की इन्सुलिन न घेणाऱ्यांतही हे घडते. काहींच्या स्वादुपिंडात इन्सुलिन पाझरणारी गाठ सापडू लागली आणि शस्त्रक्रियांचा काळ आला. पण घाम आणि धडधड तर भीतीनेही होते. मग पोट उघडायचे कोणाचे? न्यूयॉर्कचे शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी १९३०च्या दशकात तीन अटी घातल्या: लक्षणे हवीत, त्याच वेळी साखर कमी भरायला हवी आणि साखर दिल्यावर लक्षणे ओसरायला हवीत. निदानाची ही त्रयी आजही टिकून आहे.

घरात मात्र एवढी वाट पाहायची नसते. मधुमेही माणसाची साखर ७०च्या खाली गेली, किंवा मोजण्याची सोय नसताना लक्षणे दिसली, तर सुमारे १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. काही गोळ्यांचा अंमल तासन्‌तास राहतो. त्यामुळे तरतरी आली तरी साखर पुन्हा घसरू शकते. असे वारंवार होत असेल, किंवा मधुमेह नसताना होत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे. एकादशीचा उपास धरण्याआधीही औषधाची मात्रा विचारून घ्यावी.

सर्वांत फसवी अवस्था जुन्या रुग्णांची. वारंवार साखर उतरलेल्या शरीराचा घाम-कापऱ्याचा इशारा मंदावतो आणि माणूस एकदम असंबद्ध बोलू लागतो, चिडतो, झोकांड्या खातो. लोक त्याला प्यालेला समजतात. ज्याची साखर उतरते त्याला ते कळेलच असे नाही. म्हणून ही लक्षणे ठाऊक हवीत ती त्याच्या शेजारी बसलेल्याला.