गर्भाला आधार देणारे औषध

टेस्ट-ट्यूब बेबीची गोष्ट आपण वर्गात सांगतो, तेव्हा ती बहुधा काचेच्या बशीपाशीच संपते. बशीत स्त्रीबीज आणि शुक्रजंतू एकत्र आले, गर्भ तयार झाला, तो आईच्या गर्भाशयात सोडला, की झाले! खरी अडचण मात्र त्यानंतर सुरू होत होती. बशीत गर्भ तयार होत, पण गर्भाशयात ते रुजत नसत. असे का होत होते, आणि त्यावर उपाय म्हणून दिलेल्या औषधांचे काय झाले, ते आपण पाहू.

आधी थोडे शरीरशास्त्र. अंडाशयातील पुटिका फुटून स्त्रीबीज बाहेर पडते. मागे उरलेल्या पुटिकेचा पिवळसर पीतपिंड बनतो. त्याचे काम काय? जर्मनीतील लुडविग फ्रेंकेल यांनी १९०३ साली दाखवले, की गाभण सशाचा पीतपिंड नष्ट केला तर गर्भ टिकत नाही. १९२९ साली अमेरिकेत जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड ॲलन यांनी उलट बाजूने प्रयोग केला. गाभण सशांची अंडाशये त्यांनी काढून टाकली, पण पीतपिंडाचा अर्क टोचत राहिले. गर्भ टिकले! या अर्कातले संप्रेरक १९३४ साली शुद्ध रूपात मिळाले. तेच प्रोजेस्टेरॉन. गर्भाशयाचे अस्तर गर्भासाठी तयार करणे आणि ते टिकवून ठेवणे हे त्याचे काम. स्त्रियांमध्ये साधारण सातव्या आठवड्यापर्यंत गर्भाची सारी भिस्त पीतपिंडावर असते, आणि पुढे वार हे काम हाती घेते, हे १९७० नंतरच्या काही वर्षांत अर्पाद चापो यांच्या अभ्यासातून कळले.

आता इंग्लंडमधील ओल्डहॅमला जाऊ. तेथे शरीरक्रियाशास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स, शल्यचिकित्सक पॅट्रिक स्टेप्टो आणि त्यांच्या सहकारी जीन पर्डी काम करत होत्या. एका वेळी अनेक स्त्रीबीजे मिळावीत म्हणून ते संप्रेरकांची इंजेक्शने देत. ही संप्रेरके पाळी थांबलेल्या स्त्रियांच्या लघवीतून काढलेली असत. स्त्रीबीजे मिळाली, पण पाळीच्या चक्राचा उत्तरार्ध आखूड होऊ लागला. गर्भ रुजायच्या आतच अस्तर गळून पडे. मग तर्काला धरून त्यांनी प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे, शरीरात बरेच दिवस टिकणारे एक कृत्रिम औषध आधारासाठी दिले. तरीही गर्भ रुजेनात. आपण आधार म्हणून दिलेले औषधच गर्भाला मारक ठरत होते, असे एडवर्ड्स यांचे पुढे मत झाले. १९७५ साली एक गर्भ रुजला, पण तो गर्भनलिकेत. तो काढून टाकावा लागला.

शेवटी त्यांनी औषधे बाजूला ठेवली. नैसर्गिक चक्रातले एकच स्त्रीबीज घ्यायचे ठरले. ते केव्हा पक्व होते हे कळावे म्हणून लघवीतील संप्रेरक दर तीन तासांनी तपासले जाई. २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राउनचा जन्म झाला. १९६९ ते १९७८ या काळात तिथे २८२ स्त्रियांवर प्रयत्न झाले. ११२ वेळा गर्भ गर्भाशयात सोडले गेले, पाच गर्भधारणा झाल्या आणि मुले जन्मली दोन. उरलेल्या स्त्रिया रिकाम्या हातांनी घरी परतल्या, हे आपण विसरू नये.

याच कोड्याचे दुसरे उत्तर कोलकात्यात मिळाले होते. डॉ. सुभाष मुखर्जी यांनी संप्रेरके देऊन अनेक स्त्रीबीजे मिळवली. मात्र तयार झालेला गर्भ त्याच चक्रात सोडला नाही. तो ५३ दिवस गोठवून ठेवला आणि पुढच्या, औषधांचा परिणाम नसलेल्या चक्रात सोडला. लुईसनंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, एका मुलीचा जन्म झाला. सरकारी समितीने मात्र त्यांचा दावा फेटाळला. १९ जून १९८१ रोजी मुखर्जींनी आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात जन्मलेले बाळ भारतातील पहिले टेस्ट-ट्यूब बाळ मानले गेले. त्या कामातील एक प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी पुढे मुखर्जींची टिपणे तपासली आणि पहिलेपणाचा मान मुखर्जींचा आहे, असे १९९७ साली जाहीरपणे लिहिले. स्वतःच्या वाट्याचा मान दुसऱ्याला देणारी अशी माणसे विज्ञानात विरळाच.

१९८० नंतर औषधे परत आली, कारण एका स्त्रीबीजावर यश फार कमी मिळे. स्त्रीबीज वेळेआधी सुटू नये म्हणून पीयूषिका ग्रंथीला काही काळ गप्प बसवणारी औषधेही आली. पण पीतपिंडाला पोसते ती हीच ग्रंथी. ती गप्प झाली की पीतपिंड उपाशी! म्हणून बाहेरून प्रोजेस्टेरॉन देणे आवश्यक झाले, आणि या वेळी ते शरीरातल्यासारखेच होते. त्याचा उपयोग होतो का, याच्या अनेक चाचण्या झाल्या. २०१५ साली ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात काहीच न देण्यापेक्षा प्रोजेस्टेरॉन दिल्याने गर्भ टिकण्याची शक्यता वाढते, असे दिसले.

प्रत्येक ‘आधारा’चे असे झाले नाही. ॲस्पिरिन, हेपॅरिन, स्टेरॉइड अशी कितीतरी औषधे आशेपोटी दिली गेली. २०२३ साली चीनमधील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गर्भ वारंवार न रुजलेल्या ७१५ स्त्रियांपैकी काहींना प्रेडनिसोन आणि काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी दिली होती. मूल जन्मण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ३७.८ टक्के, तर न घेणाऱ्यांत ३८.८ टक्के निघाले. शिवाय औषध घेणाऱ्यांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे अधिक झाली.

समजा, ही चाचणी झालीच नसती. प्रेडनिसोन घेऊन आई झालेली प्रत्येक स्त्री औषधालाच श्रेय देती, आणि तिचे डॉक्टरही. त्यात कोणी खोटे बोलत नसते. गोळी न घेणाऱ्यांचे काय झाले, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते. वर्गात एक प्रश्न जरूर विचारून पाहावा : “औषध घेतले आणि बरे वाटले, एवढ्यावरून औषध लागू पडले असे म्हणता येईल का? खात्री करायला आणखी काय पाहावे लागेल?” मुलांनी स्वतः तुलनेसाठी दुसरा गट मागितला, की हा धडा त्यांना समजला असे खुशाल समजावे.