वऱ्हाडातील होमरूल पक्ष व महायुद्धोत्तर दुफळी

पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४–१८) लोकमान्य टिळकांच्या नेतृत्वाखाली एकत्र आलेल्या वऱ्हाडातील राजकीय कार्यकर्त्यांची युद्धानंतरच्या दशकात विरोधी पक्षांत झालेली विभागणी. तिचे मूळ व्यक्तिगत स्पर्धेत शोधले जाते, परंतु ते स्पष्टीकरण अपुरे आहे. सरकारने देऊ केलेल्या तुटपुंज्या सत्तेचे काय करावयाचे, हा खरा वाद होता.

एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे स्थापन झालेल्या टिळकांच्या होमरूल लीगच्या कार्यक्षेत्रात वऱ्हाडचा समावेश होता. अमरावतीचे वकील ग. श्री. उर्फ दादासाहेब खापर्डे (१८५४–१९३८) हे तिचे येथील प्रमुख आधारस्तंभ. १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष होते. यवतमाळचे माधव श्रीहरी अणे (१८८०–१९६८) हेही टिळकांचेच अनुयायी. सरकारला सैनिक व पैसा हवा असल्याने, युद्धास साहाय्य आणि स्वराज्याची मागणी ही दोन्ही एकाच व्यासपीठावरून करता येत होती. जून १९१८ मधील मुंबईच्या युद्धपरिषदेत टिळकांनी साहाय्याबरोबर स्वराज्याचा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना बोलू दिले नाही. अशा अडवणुकीने पक्षातील ऐक्य दृढच झाले.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने ही स्थिती पालटली. या कायद्यान्वये प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली : शिक्षणादी सोपीव खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे गेली, पोलीस, महसूल यांसारखी राखीव खाती गव्हर्नर व त्याच्या कार्यकारी मंडळाकडे राहिली. अमृतसर काँग्रेसमध्ये (डिसेंबर १९१९) टिळकांनी ‘प्रतियोगी सहकारिते’चा पुरस्कार केला, म्हणजे सरकार जितके सहकार्य देईल, तितकेच त्यास द्यावयाचे. १ ऑगस्ट १९२० रोजी ते निधन पावले आणि या सूत्राचा अधिकृत अर्थ सांगणारा कोणी उरला नाही. त्याच वर्षअखेर नागपूर काँग्रेसने महात्मा गांधींच्या असहकारितेवर शिक्कामोर्तब केले. खापर्डे यांनी ती नाकारून कौन्सिल ऑफ स्टेटचा मार्ग पतकरला. अमरावतीचेच नाटककार वीर वामनराव जोशी असहकारितेत उतरले. टिळकांचा वारसा दोघेही सांगत, आणि दोघांनाही आधार होता : बहिष्काराची शिकवण टिळकांचीच, निवडणुका लढविण्यासाठी १९२० मध्ये काढलेला काँग्रेस डेमॉक्रॅटिक पक्षही टिळकांचाच. आयर्लंडमध्येही १९२१ च्या तहातील अपुरे स्वातंत्र्य स्वीकारावे की नाही, यावरून कालचे सहकारी परस्परांवर शस्त्र धरून उभे राहिले. वऱ्हाडात भांडण सभा व वृत्तपत्रे यांपुरतेच राहिले.

स्वराज्य पक्षाला १९२३ च्या निवडणुकीत मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधिमंडळात निर्णायक बहुमत मिळाले. (कायद्याने वऱ्हाड निजामाचाच मुलूख असल्यामुळे तेथील निवडून आलेल्या सभासदांची सरकार पुन्हा औपचारिक नेमणूक करीत असे.) पक्षाने मंत्रिमंडळ चालणे अशक्य केले व गव्हर्नरला सोपीव खाती स्वतःकडे घ्यावी लागली. मात्र विजय मिळूनही हाती काही येईना, ही अस्वस्थता वाढत गेली. ऑक्टोबर १९२५ मध्ये विधिमंडळाचे अध्यक्ष, अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील जागा स्वीकारली. ही जागा राखीव खात्यांची, म्हणजे नोकरशाहीच्या गाभ्याची होती. मोतीलाल नेहरूंनी या कृतीचा कठोर निषेध केला, न. चिं. केळकर व मु. रा. जयकर यांनी तिचे समर्थन केले. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोला येथे प्रतियोगी सहकार पक्ष उभा राहिला. अणे व नागपूरचे बा. शि. मुंजे त्याच्या अग्रणींत होते. त्या वर्षीच्या निवडणुकीत स्वराज्य पक्षाचे बहुमत गेले आणि १९२७ च्या आरंभी ई. राघवेंद्र राव व रामराव देशमुख यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले.

हा सारा वाद मुख्यतः वकीलवर्गाचा होता. कापूस पिकविणारा कुणबी शेतकरी त्यापासून बराच दूर होता. तात्त्विक सीमारेषाही कायम राहिल्या नाहीत. तांबे १९२९ मध्ये काही काळ प्रांताचे हंगामी गव्हर्नर झाले. अणे मात्र सविनय कायदेभंगात काँग्रेसबरोबर उतरले आणि १० जुलै १९३० रोजी पुसद येथे जंगलातील गवत कापून त्यांनी स्वतःला अटक करवून घेतली.