पाण्यापलीकडचा रुग्ण

चोहोंकडून पाण्यानें वेढलेल्या भूमीस बेट म्हणावें, अशी व्याख्या आपण शाळेंत पाठ करतों. परंतु वैद्याची गांठ घेण्यासाठीं जेथून पाणी किंवा डोंगर ओलांडावा लागतो, तें प्रत्येक गांव रुग्णाच्या दृष्टीनें बेटच होय. आमचा सटाणा गांव समुद्रापासून दूर, आरम नदीच्या कांठीं वसलेला. तरी पश्चिमेस साल्हेर-मुल्हेरच्या रांगांकडे पाहिलें म्हणजे या विधानाचें मर्म ध्यानांत येतें.

रुग्णवाहिकेचा आधुनिक इतिहास रणांगणावर सुरू होतो. लारे नामक फ्रेंच शस्त्रवैद्यानें १७९२ सालीं हलक्या घोडागाड्या सैन्यामागें ठेवून, लढाई चालू असतांच जखमींस उचलून आणण्याची पद्धत पाडली. बोअर युद्धांत, १८९९ सालीं, गांधीजींनीं नाताळांतील सुमारें ११०० हिंदी लोकांचें पथक उभारलें. हे लोक जखमींस कित्येक मैल खांद्यांवरून वाहून नेत. जेथें चाक थांबतें तेथून माणसाचा खांदा सुरू होतो, हा धडा तेव्हांचाच आहे. महाराष्ट्रांत २०१४ सालीं ‘१०८’ क्रमांकाची सेवा ९३७ गाड्यांनिशीं सुरू झाली. तिचा उपकार मोठा. पण गाडी सडकेच्या टोकाशीं येते, आणि पाड्यापासून सडकेपर्यंत बांबूस बांधलेली झोळीच चालते.

याहून विलक्षण प्रकार नंदुरबार जिल्ह्यांत, नर्मदेच्या तीरीं घडला. सरदार सरोवराचा पाया १९६१ सालीं घातला गेला, लवादाचा निवाडा १९७९ सालीं झाला, धरणाचे दरवाजे २०१७ सालीं मिटले आणि २०१९ सालीं जलाशय १३८.६८ मीटरपर्यंत भरला. अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गांवांस या बुडिताची झळ पोंचली. टेकड्यांवर उरलेल्या वस्त्यांचे आदिवासी रहिवासी स्थलांतर न करतांच बेटकरी झाले! त्यांच्यासाठीं औषधें व आरोग्यसेवक घेऊन फिरणारा तरंगता दवाखाना सुरू करावा लागला. २०२० सालच्या साथींत माता व बालकें अंगणवाडीस येईनाशीं झालीं, तेव्हां चिमलखेडीची एक सेविका स्वतः होडी वल्हवीत त्यांच्या दारीं गेली.

मूठभर लोकांसाठीं इतका खर्च कशास, असा प्रश्न सुशिक्षितांतही ऐकूं येतो. त्यास आमचें उत्तर असें कीं, हें बेट निसर्गानें निर्माण केलेलें नाहीं. त्या धरणाच्या विजेंत महाराष्ट्राचा वांटा २७ टक्के ठरलेला आहे. ज्या पाण्यानें आपले दिवे लागावयाचे, त्याच पाण्यानें त्या लोकांची वाट बुडाली. तेव्हां तेथें जाणारी औषधांची होडी हें दान नव्हे. तें ऋण आहे. दान देणारा हात कधीं आंखडतां येतो. ऋणाची फेड मात्र इंजिन बिघडलें किंवा इंधन संपलें म्हणून थांबवितां येत नाहीं. ती होडी नेमल्या दिवशीं कांठास लागते कीं नाहीं, यावरच आपल्या सुधारणेची परीक्षा व्हावी.