कर्ण आपला कोण?

१९६७ साली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली, इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ही त्याच साली. सावंतांनी कर्णाला डोक्यावर घेतलं, इरावतीबाईंनी तपासलं. होस्टेलात ‘युगान्त’ वाचलं तेव्हा माझं टाळकंच सरकलं. शिवी जणू मलाच. सूतपुत्र ना तो! पाणवठ्यावर ‘लांब हो’ मीही ऐकलेलं.

दोस्तहो, मग मूळ बघितलं. द्रौपदीनं सूत म्हणून त्याला नाकारलं, तो प्रसंग भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीनं मूळ पाठातून वगळलाय. भर सभेत तिची वस्त्रं उतरवा म्हणणारा मात्र कर्णच. वर शेवटी निघतो कुंतीचा पोर, क्षत्रियच. म्हणजे थोरवी पुन्हा जन्मावरच टेकली.

आपला अपमान खरा आहे. त्याचा जबाब १९२७ साली महाडच्या तळ्यावर दिलाय. कर्णाची वकिली आपण का करायची?